जिताड्याच्या लार्वांना माशाच्या तेलाऐवजी सूक्ष्मशैवाल: कोणतं, कुठे आणि किती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अलिबाग-पेणच्या खारेपाटात तुमची जिताड्याची (एशियन सी बास माशाची) छोटी हॅचरी, म्हणजे मत्स्यबीज केंद्र आहे. लार्वांचं जिवंत खाद्य असलेले सूक्ष्म जीव, रोटिफर आणि आर्टेमिया, टाकीत सोडण्याआधी त्यांना तुम्ही कॉड लिव्हर ऑइल आणि अंड्याचा बलक मिक्सरमधून फिरवून देता. तेलाचे भाव चढलेत, पाण्यावर तवंग धरतो, आणि पंधरा-वीस दिवसांची पिल्लं ग्रेडिंगसाठी (आकारानुसार वेगळी करायला) जाळीत घेतली की त्यातली बरीच आडवी पडतात. कुणीतरी सुचवलंय की तेल बंद करा आणि स्पिरुलिनाची पावडर द्या, तेही शैवालच. तर माशाच्या तेलाशिवाय, निव्वळ शैवालावर लार्वा (अंड्यातून निघालेली इवली पिल्लं) निघतील का?

निघतील, आणि माझ्या मते तेलावरच्यापेक्षा चांगले निघतील. पण स्पिरुलिनावर निघणार नाहीत. स्पिरुलिनात प्रथिनं भरपूर आहेत, गॅमा-लिनोलेनिक ॲसिड आहे, रंगद्रव्यं आहेत. पण जिताड्याच्या लार्वाला जे हवं असतं ते डीएचए आणि ईपीए (लांब साखळीची ओमेगा-३ फॅटी ॲसिडं) त्यात नसल्यात जमा आहे. गोड्या पाण्यातल्या क्लोरेलाचंही तेच. शैवाल निवडताना हिरवा रंग बघू नका, त्याचं फॅटी ॲसिड प्रोफाइल मागा आणि त्यात डीएचए किती ते आधी वाचा. बाजारात 'फिश हॅचरीसाठी अल्गी' म्हणून जे काही विकलं जातं त्यातलं पुष्कळसं या एका तपासणीतच बाद होतं.

जवसाचं तेल चालेल का, हेही बरेच जण विचारतात. रोहू-कटला जवसातल्या आखूड साखळीच्या ओमेगा-३ पासून थोडंफार लांब साखळीचं बनवू शकतात. जिताडा बनवू शकत नाही. समुद्री आणि निमखाऱ्या पाण्यातल्या बहुतेक शिकारी माशांकडे त्यासाठी लागणारी एन्झाइम पुरेशी चालत नाहीत, कारण त्यांना निसर्गात डीएचए तयार मिळत आलं आहे. म्हणून ते खाद्यातूनच द्यावं लागतं.

आता हे न मिळाल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण तुमची आडवी पडणारी पिल्लं इथेच सापडतात. जिताड्याचा लार्वा अंड्यातून बाहेर येतो तेव्हा जेमतेम दीड मिलिमीटरचा असतो आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्याचा मेंदू आणि डोळा झपाट्यानं घडतो. मेंदूच्या आणि डोळ्याच्या पडद्याच्या पेशींची आवरणं मोठ्या प्रमाणात डीएचएची बनलेली असतात. ते कमी पडलं तर मंद उजेडात भक्ष्य नीट दिसत नाही. हेरिंग माशाच्या पिल्लांवर हे प्रयोगानं दाखवलं गेलं आहे. शिवाय ताण सोसत नाही. आग्नेय आशियातल्या हॅचऱ्यांत लार्वाचा छोटा मासा होण्याच्या वयातली जिताड्याची पिल्लं हात लावताच अंग ताठ करून बेशुद्ध पडायची. त्याला 'शॉक सिंड्रोम' म्हणत. ओमेगा-३ नं समृद्ध केलेला आर्टेमिया दिल्यावर ते प्रमाण एकदम खाली आलं. तुमचं वर्णन त्याच्याशी फार जुळतं. कमी ऑक्सिजन, अमोनिया आणि व्हिब्रिओ जीवाणू आधी तपासाच, पण माझा पहिला संशय आर्टेमियावर आहे.

संशय आर्टेमियावर का, तर ताज्या फुटलेल्या आर्टेमियात डीएचए जवळजवळ नसतं. पहिले दहा-बारा दिवस रोटिफरवर पिल्लं तरतरीत दिसतात, मग आर्टेमियावर आली की भरभर वाढतात, पोट नारिंगी दिसतं, मालक खूश असतो, आणि आतून मात्र डीएचएचा साठा आटत असतो. अठराव्या-विसाव्या दिवशी ग्रेडिंगला जाळं लावलं की ते उघडं पडतं. जिताडा स्वजातीभक्षक असल्यानं ग्रेडिंग टाळताही येत नाही.

जपानमध्ये हा धडा पन्नासएक वर्षांपूर्वीच गिरवून झाला आहे. तिथे रोटिफर स्वस्तात वाढवण्यासाठी बेकरीचं यीस्ट वापरायला लागले. रोटिफर उदंड झाले, पण त्यावर वाढवलेली रेड सी ब्रीम माशाची पिल्लं मरू लागली. ताकेशी वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की उणीव लांब साखळीच्या ओमेगा-३ ची आहे. उपाय दोन निघाले. एक, यीस्ट बनवतानाच त्यात माखुलवर्गीय प्राण्यांच्या यकृताचं तेल मिसळायचं. दुसरा, रोटिफरला 'समुद्री क्लोरेला' खाऊ घालायचा. हा समुद्री क्लोरेला म्हणजे नॅनोक्लोरोप्सिस असल्याचं पुढे स्पष्ट झालं. पुढे जगभर तेलाची वाट रुळली, कारण तेल बाटलीत येतं आणि शैवाल रोज सांभाळावं लागतं.

पण तेलातलं डीएचए तरी मासा स्वतः कुठे बनवतो? ते बनतं सूक्ष्मजीवांत, तिथून कोपेपॉड या पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांत जातं, त्या कोपेपॉडना तारली खाते, तारली उकडून-दाबून तेल निघतं. मधल्या प्रत्येक पायरीचा धोका त्या तेलाच्या भावात असतो. पेरूनं २०२३ मध्ये एल निन्योमुळे अँकोव्ही माशाच्या मासेमारीचा पहिला हंगाम रद्द केला आणि माशाच्या तेलाचे भाव जगभर भडकले. आपल्या किनाऱ्याचं उदाहरण घ्या. केरळात २०१२ मध्ये तारली चार लाख टनांच्या घरात उतरली होती, २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. ज्या तारलीवर इतकी घरं जेवतात तिचं तेल आपण माशांनाच पाजत राहावं, हे मला पटत नाही. त्यामुळे तुमच्यासारखी छोटी हॅचरी हा प्रश्न विचारते याचा मला मनापासून आनंद आहे.

आता कोणतं शैवाल. लार्वांसाठी कामाची म्हणावीत अशी मोजकीच आहेत.

नॅनोक्लोरोप्सिस: दोन ते चार मायक्रॉनची गोल पेशी, कणखर, आपल्याकडे सगळ्यात जास्त वाढवली जाणारी. तिच्यात ईपीए भरपूर, एकूण फॅटी ॲसिडच्या पाव हिश्श्यापर्यंत किंवा त्याहूनही जास्त, शिवाय थोडं ॲराकिडोनिक ॲसिड (एक ओमेगा-६ फॅटी ॲसिड). डीएचए मात्र नाही. रोटिफर वाढवायला आणि टाकीतलं पाणी हिरवं ठेवायला हिला तोड नाही. पण फक्त हिच्यावर विसंबलात तर तुमचा मूळ प्रश्न तसाच राहतो.

आयसोक्रायसिस: सोनेरी-तपकिरी, पेशीला टणक भिंत नाही, त्यामुळे पचायला सोपी. डीएचए साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. रोटिफरसाठी अतिशय चांगली, पण नाजूक. उन्हाळ्यात पाणी तिशीच्या वर गेलं की माना टाकते. पाव्हलोव्हातही ईपीए आणि डीएचए दोन्ही आहेत, पण तीही अशीच सांभाळून घ्यावी लागते.

शायझोकायट्रियम: काटेकोर बोलायचं तर हे हिरवं शैवाल नव्हे. याला उजेड लागत नाही. स्टीलच्या बंद टाकीत साखरेवर वाढवतात, अगदी यीस्टसारखं. यातल्या चरबीत डीएचए ३० ते ४५ टक्के. बाजारात पावडर आणि तेल दोन्ही रूपांत मिळतं. अमेरिकेत नेब्रास्कातल्या ब्लेअर इथे २०१९ पासून याच वर्गातल्या जीवांपासून माशांच्या खाद्यासाठी तेल बनवणारा मोठा कारखाना चालतो. त्या तेलात ईपीए आणि डीएचए मिळून निम्म्याहून जास्त आहे.

टेट्रासेल्मिस आणि किटोसिरॉस कोळंबीच्या हॅचरीत उपयोगी आहेत. तुमच्या कामाला त्यांची गरज नाही.

तर माझा सल्ला असा: नॅनोक्लोरोप्सिस आणि शायझोकायट्रियम यांची जोडी लावा. एकीकडून ईपीए आणि ॲराकिडोनिक, दुसरीकडून डीएचए. समुद्री माशांच्या लार्वासाठी डीएचए हे ईपीएच्या निदान बरोबरीनं, शक्यतो दुप्पट असावं असं धरून चालतात. साध्या माशाच्या तेलात हे प्रमाण बऱ्याचदा उलटं असतं, तारलीच्या तेलात तर ईपीए जास्त. म्हणजे या बाबतीत ही जोडी तेलाची जागा तर भरून काढतेच, शिवाय त्याच्याहून सरसही ठरते. आयसोक्रायसिस जमली तर रोटिफरच्या टाकीत घाला, नाही जमली तर अडून बसू नका.

रोटिफरचं काम सोपं आहे. रोजची वाढ नॅनोक्लोरोप्सिसवर ठेवा. काढणी करून ५० ते ६० मायक्रॉनच्या जाळीत धुऊन घ्या, मिलीला पाचशेच्या आसपास घनतेनं वेगळ्या बादलीत ठेवा, शायझोकायट्रियमची पावडर गोड्या पाण्यात मिक्सरवर दोन-तीन मिनिटं फिरवून त्यात सोडा. सहा ते बारा तासांत पोटं भरतात. सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब बघाच. रिकाम्या रोटिफरचं आतडं काचेसारखं आरपार दिसतं, भरलेल्याचं गडद आणि दाणेदार. अर्धे रिकामे दिसले तर पावडरच्या गुठळ्या राहिल्यात किंवा ऑक्सिजन कमी पडतोय. या बादलीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका.

पोटं भरलेले रोटिफर पुन्हा धुतल्याशिवाय टाकीत सोडू नका. आणि सोडल्यावर ते उपाशी राहिले तर काही तासांत आतड्यातलं सगळं संपवून टाकतात, मग संध्याकाळी लार्वा जे खातो ते रिकामं पोतं असतं. टाकीत नॅनोक्लोरोप्सिस मिलीला तीन ते पाच लाख पेशी ठेवायची ती मुख्यतः याचसाठी. हिरव्या पाण्याचे इतर फायदेही आहेत. उजेड विखुरतो, लार्वाला भक्ष्य उठून दिसतं, पाण्यातले जीवाणू ताळ्यावर राहतात.

आर्टेमियाला जास्त लक्ष लागतं. सिस्ट (आर्टेमियाची सुप्त अंडी) फुटल्यावर पहिले सातआठ तास नॉप्लियसचं, म्हणजे नवजात आर्टेमियाचं तोंडच उघडलेलं नसतं, त्या वेळात घातलेली पावडर फक्त पाणी नासवते. तोंड उघडल्यावर मिलीला दोनशे घनता, लिटरला ०.३ ग्रॅमचा एक डोस, बारा तासांनी तेवढाच दुसरा. चोवीस तासांत नॉप्लियस मोठा होतो, म्हणून आर्टेमियाचे पहिले दोन-तीन दिवस ताजा फुटलेला आर्टेमिया आणि समृद्ध केलेला रोटिफर असं मिश्र द्या, पिल्लांचं तोंड मोठं झालं की पूर्ण समृद्ध आर्टेमियावर या. आर्टेमियाची एक खोड आहे: पोटात गेलेलं डीएचए तो जाळतो आणि त्यातलं काही उलट ईपीएत बदलतो. त्यामुळे त्याला डीएचएनं गच्च असलेलंच खाद्य हवं, आणि समृद्ध केल्यावर तो गरम पाण्यात ताटकळत ठेवायचा नाही. दिवसभर थोडा थोडा द्यायचा असेल तर ८-१० अंशांवर, मंद हवा देत ठेवा. थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या बाटल्या घालूनही हे जमतं.

तवंगाचा विषय वेगळा काढतो, कारण तो जितका साधा वाटतो तितका नाही. तोंड उघडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत लार्वा पृष्ठभागावर येऊन हवेचा एक घोट घेतो आणि त्यानं त्याची हवेची पिशवी फुगते. पाण्यावर तेलाचा पातळ पापुद्रा असला तर तो घोट घेता येत नाही. पिशवी न फुगलेलं पिल्लू पुढे तिरकं पोहत राहतं, पाठीचा कणा वाकतो, आणि ते बोटुकलीपर्यंत (बोटाएवढ्या आकारापर्यंत) पोचलं तरी कुणी विकत घेत नाही. रात्री टॉर्च पाण्याला जवळजवळ समांतर धरून बघा. पापुद्रा असेल तर इंद्रधनुषी झाक दिसते आणि हवेचे बुडबुडे फुटायच्या आधी क्षणभर रेंगाळतात. तेलाच्या इमल्शनमध्ये हा त्रास जन्मजातच आहे. अखंड पेशींच्या पावडरीत तेल पेशीच्या आत कोंडलेलं असल्यानं तो बराच कमी होतो. तरीही पृष्ठभाग साफ करणारी साधी पीव्हीसीची चौकट आणि त्यावर हलका हवेचा झोत ठेवाच.

कॉड लिव्हर ऑइलबद्दल आणखी एक. औषधाच्या दुकानातल्या त्या तेलात अ जीवनसत्त्व फार असतं. आर्टेमियातून अ जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला की मणक्यांत विकृती येते, हे जपानी फ्लाउंडर माशावर दिसून आलं आहे. तुमच्याकडे वाकडी पिल्लं निघत असतील तर त्यामागे तवंग आहे की हे, ते दुरून सांगता येणार नाही. पण दोन्ही कारणं एकाच बाटलीतून येतात.

खर्चाचं म्हणाल तर शायझोकायट्रियमची चांगली पावडर किलोच्या भावात माशाच्या तेलाहून बरीच महाग आहे, आणि ते बघूनच लोक मागे फिरतात. पण लार्वा खातो किती? एक लाख लार्वा, लिटरला २५ प्रमाणे चार टनांची टाकी. रोटिफर मिलीला १२ धरले तर रोज सुमारे पाच कोटी. दहा लाखांना ०.३ ग्रॅम पावडर म्हणजे दिवसाला १५ ग्रॅम, दहा दिवसांचे १५० ग्रॅम. आर्टेमिया मिलीला २ म्हणजे रोज ८० लाख, मिलीला दोनशेच्या घनतेनं ४० लिटर, दोन डोस मिळून लिटरला ०.६ ग्रॅम, म्हणजे २४ ग्रॅम. बारा दिवसांचे २८८. सगळं मिळून अर्धा किलोच्या आत. याच बॅचला आर्टेमियाची सिस्ट ४२५ ग्रॅमच्या एका डब्याहून थोडी जास्तच लागते. तुमचा खरा खर्च तिथे आणि मेलेल्या पिल्लांत आहे. डीएचएच्या पावडरीत काटकसर करू नका.

मात्र ती पावडर जपा. डीएचएच्या साखळीत सहा दुहेरी बंध असतात आणि प्रत्येक बंध हवेला भिडला की खवट होतो. पाकीट आल्याबरोबर आठवड्याला लागतील अशा छोट्या पुड्या करा, हवा काढून सीलबंद करा, डीप फ्रीजरमध्ये ठेवा. जुन्या रंगासारखा किंवा उग्र वास आला की ती पुडी फेका. खवट डीएचए देण्यापेक्षा न दिलेलं परवडतं. पावडरीबरोबर ई आणि क जीवनसत्त्वही द्या.

नॅनोक्लोरोप्सिस स्वतः वाढवायची की विकत घ्यायची? तुमच्या भागात दोन्ही ठेवा. मे महिन्यात पाणी तापतं, आणि जूननंतर खाडीचं पाणी गोडं होतं, आभाळ भरलेलं राहतं, बाहेरच्या टाक्या उजेडाअभावी फिक्या पडतात. नेमका हाच जिताड्याच्या बियाचा हंगाम. म्हणून पावसाआधी खारं पाणी साठवून, क्लोरिननं निर्जंतुक करून, थायोसल्फेटनं क्लोरिन मारून झाकून ठेवा. आतल्या खोलीत कॉनवे माध्यमावर (शैवाल वाढवायच्या पोषक द्रावणावर) फ्लास्क आणि कार्बॉय (मोठ्या बाटल्या) सांभाळा, बाहेरच्या मोठ्या टाक्यांना अमोनियम सल्फेट, सुपरफॉस्फेट आणि युरिया पुरतं. कल्चर पिवळट झालं, वर फेस आला, तळाला कापसासारखे पुंजके बसू लागले की एक-दोन दिवसांत ते कोसळणार हे धरा आणि लगेच काढून वापरून टाका. रोटिफरच्या खोलीतली बादली, मग किंवा हवेची नळी शैवालाच्या खोलीत कधीही नेऊ नका. एक रोटिफर शिरला तरी आठवड्यात टाकी चाटूनपुसून साफ होते. आणि फ्रीजमध्ये नॅनोक्लोरोप्सिसची घट्ट पेस्ट राखीव असू द्या, म्हणजे ढगाळ आठवड्यात यीस्टकडे वळायची पाळी येणार नाही.

बदल लागू पडला की नाही हे नजरेनं ठरवू नका. निम्म्या टाक्या जुन्या पद्धतीनं आणि निम्म्या नव्या पद्धतीनं चालवा, एकाच दिवसाची अंडी दोन्हीकडे. अठराव्या दिवशी प्रत्येक टाकीतून पन्नास पिल्लं बारीक जाळीत उचला, ठरावीक सेकंद हवेत धरा, वेगळ्या पाण्यात सोडा आणि चोवीस तासांनी जिवंत मोजा. सगळ्या टाक्यांना सेकंद तेवढेच, माणूसही तोच. त्याच दिवशी समृद्ध रोटिफर आणि आर्टेमियाचे नमुने धुऊन, पाणी निथळून, गोठवून एखाद्या प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीवर फॅटी ॲसिड प्रोफाइलसाठी पाठवा. मत्स्य महाविद्यालयं आणि अन्न तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळा हे करून देतात. बॅचमागे एकदा केलंत तरी पुरे.

शेवटचं, कोरड्या खाद्याबद्दल विचारलं होतंत. विसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लं दाणेदार खाद्यावर आणाल तेव्हा समृद्ध आर्टेमिया एकदम तोडू नका, आठवडाभर दोन्ही चालू ठेवा. खाद्याच्या पिशवीवर नुसती 'चरबी १२ टक्के' असं वाचून थांबू नका, विक्रेत्याकडून त्यातलं डीएचए आणि फॉस्फोलिपिड (पेशींच्या आवरणात असणारा मेद) किती ते लेखी मागा. लार्वांना डीएचए फॉस्फोलिपिडच्या रूपात जास्त चांगलं लागू पडतं, म्हणून सागरी लेसिथिन (फॉस्फोलिपिडयुक्त मेद) असलेलं खाद्य निवडा. तळ्यातल्या वाढीच्या जिताड्याला मात्र सध्या शैवालाचं तेल पूर्णपणे देणं तुम्हाला परवडणार नाही. तिथे खाणं किलोंनी जातं आणि वरचा हिशेब पार उलटा होतो. ते गणित वेगळं मांडावं लागेल. त्यासाठी तळ्याचं क्षेत्रफळ, पिल्लांची संख्या आणि सध्याच्या खाद्याचं लेबल कळवा.